निळ्या छत्र्यांच्या हॉटेलातलं सार

अमेरिकेतल्या पार्सिपनीतलं मराठी माणूस युरोपला निघालं की आधी विमानाची तिकिटं काढी आणि मग नीलांबरीला फोन करी, अशी त्यांच्या ओळखीपाळखीत रीतच पडून गेली होती. रोममध्ये राहायचं कुठे, पॅरिसला पाकीटमारांपासून जपायचं कसं, असलं काही तिला कोणी विचारत नसे. तिला विचारायचं ते एकच, ल्युसर्नला जेवायचं कुठे. त्याचं उत्तर ती अशा थाटात देई की जणू परवाच तिथून जेवून आली आहे. लाकडी पुलाकडे पाठ करायची, तळं उजव्या हाताला ठेवायचं आणि सरळ चालत सुटायचं. चेस्टनटची झाडं लागतात. ती संपत आली की निळ्या छत्र्यांचं एक हॉटेल दिसेल. तिथे पाण्याकडे तोंड करून बसायचं. मेन्यूत अगदी खाली ‘सार’ असं लिहिलंय, ते मागवायचं. बाकी काय हवं ते खा, पण सार चुकवू नका.

ऐकणाऱ्याला गंमत वाटे. स्वित्झर्लंडमध्ये सार कुठून आलं, असं कोणी विचारलंच तर कोणीतरी आपल्याकडचा कुक असेल, असं म्हणून ती विषय बदली.

खरं तर नीलांबरीने ल्युसर्न पाहिलंच नव्हतं. लाकडी पूल तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिला होता, चेस्टनटची झाडंही तिथेच. विम्याच्या कंपनीत दिवसभर आकड्यांशी डोकं लावून झालं की जेवणाच्या सुट्टीत ती नकाशा उघडी आणि बोटाने त्या तळ्याकाठच्या रस्त्यावरून चालत जाई. निळ्या छत्र्यांपाशी नकाशा थांबे. आत जाता येत नसे. आत तिचा मुलगा ईशान स्वयंपाक करत होता.

ही गोष्ट पार्सिपनीत कोणालाही ठाऊक नव्हती. ईशान झुरिकला एका बँकेत आहे, आयटीत, असं प्रल्हादने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि नवऱ्याने एकदा सांगितलेलं खोटं बायकोला निभवावंच लागतं. लोकही बँक म्हटल्यावर समाधानाने मान डोलवत आणि आपल्या मुलांच्या बढत्या सांगायला लागत.

ईशान चार वर्षांचा असताना प्रल्हाद पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर इथे आला. पोरगं इथेच वाढलं, शाळेच्या पिवळ्या बसमधून गेलं, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं द्यायला शिकलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत तिघांचं नाव होतं. रांग काही हलत नव्हती. आणि मुलगा एकविसाचा झाला की तो आईबापाच्या व्हिसावरून आपोआप खाली उतरतो, हे रांगेतल्या प्रत्येक घराला माहीत असतं. वाढदिवस जवळ येतो तसतशी त्या घरांमध्ये केकपेक्षा वकिलाचीच चर्चा जास्त होते. ईशान तेव्हा स्टेट कॉलेजला कॉम्प्युटर शिकत होता. शिकत होता असं म्हणायचं, कारण चार मुलांच्या त्या अपार्टमेंटमध्ये तो मुख्यतः स्वयंपाक करत असे. प्रल्हादने विद्यार्थी व्हिसाचे कागद तयार केले, मास्टर्सपर्यंतचा सगळा बेत आखला. ईशानने ते कागद परत पाठवले आणि स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलच्या शाळेत नाव घातलं. ज्या देशाला आपण नकोत तिथे रांगेत उभं राहून मी म्हातारा होणार नाही, असं तो म्हणाला. त्या बोलण्याने प्रल्हाद दुखावला, कारण रांगेत उभं राहून म्हातारा होणारा माणूस तोच होता.

पुढे ईशानने ल्युसर्नच्या त्या हॉटेलात कुकची नोकरी धरली. ते फोनवर सांगितलं तेव्हा प्रल्हाद नको ते बोलला. भांडी घासायला का तुला अमेरिकेत आणलं होतं, असं काहीबाही. ईशानने फोन ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रल्हादच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी स्टेंट घातले. घरी आणल्यावर उशीला टेकून बसलेला प्रल्हाद म्हणाला, “नीला, त्याच्याशी एक शब्द बोललीस तर तुला माझी शपथ आहे.”

आता नीलांबरी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई. शपथ मोडली म्हणून कोणाचं हृदय बंद पडत नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याच्या छातीत तारेच्या जाळ्या बसवून आणलेल्या, त्याचे ओठ अजून पांढरे, आणि तो स्वतःच्याच जिवाची शपथ घालतोय. लहानपणापासून अंगात मुरलेलं असं एका पदवीने धुऊन निघत नाही. समजा मोडली आणि समजा उद्या काही झालं, तर? हा ‘तर’ तिच्याने ओलांडवेना.

त्याच आठवड्यात ईशानचा फोन आला. ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसली होती. बाबांनी शपथ घातलीय, एवढंच ती म्हणाली. मग ईशान म्हणाला, “ओके आई. मग तू बोलू नकोस. मीच बोलतो.”

आणि तो बोलत राहिला. शेफने त्याला मेन्यूत एक पदार्थ स्वतःचा ठेवायला परवानगी दिली होती. त्याने तिचं टोमॅटोचं सार ठेवलं होतं, नारळाचं दूध घालून, वरून तुपाची जिऱ्याची फोडणी, किंचित गूळ. कढीपत्ता झुरिकहून मागवावा लागतो म्हणाला. इथे कोणाला ते काय आहे ठाऊक नाही, नावसुद्धा मी सारच ठेवलंय. “आपल्याकडचं कोणी इकडे आलं ना, की पाठव. कुणी सार मागितलं की आय विल नो. मला कळेल तू पाठवलंयस.” नीलांबरी दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत होती. ऐकणं म्हणजे बोलणं नव्हे, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं, आणि शपथेतून ही एवढी फट तिला सापडली.

त्या दिवसापासून ती लोकांना ल्युसर्नला पाठवू लागली. ज्याला इटलीच करायचं होतं त्यालाही ती पटवून दोन दिवस स्वित्झर्लंडला वळवी. तिच्या लेखी तो प्रत्येक माणूस म्हणजे तिने लेकाला मारलेली एक हाक होती. तळ्याकाठी टेबलावर कोणी सार मागवलं, की आत मुदपाकखान्यात चिठ्ठी जाणार, आणि ईशानला कळणार की आईने विचारलंय, बरा आहेस ना?

लोक परतले की ती त्यांना चहाला बोलवी. सार घेतलंत ना? हो, घेतलं ना. कसं होतं? मस्त. जरा गोडसर होतं का? हो, गोडसर होतं. वर जिरं तरंगत होतं? हो हो, जिरं होतं. तिला एवढ्याने पुरे. गूळ आहे, जिरं आहे, म्हणजे पोराचा हात ठीक चाललाय, जेवतोय, झोपतोय. उत्तरं आपणच पाहुण्यांच्या तोंडी घालतोय, हे एवढ्या हुशार बाईच्या लक्षात आलं नाही. माया आंधळी नसते, पण तिला जे ऐकायचंय तेवढंच ती ऐकते.

ईशान तिला वाढदिवसाला आणि दिवाळीला मेसेज करी, चार शब्दांचा. ती तो उघडून पाही, म्हणजे त्याच्याकडे निळ्या खुणा उमटत. उत्तर देत नसे. या वर्षी मार्चमध्ये तिचा वाढदिवस आला आणि मेसेज आला नाही. ती दिवसभर फोन हातातून खाली ठेवेना. प्रल्हादने संध्याकाळी केक आणला होता. तिने तो कापला, खाल्ला आणि आंघोळीला जाते म्हणून नळ सोडून रडली. मग जूनमध्ये त्यांच्या ओळखीचे प्रसाद आणि अनया स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि सार एकदम भारी होतं म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. सार आहे म्हणजे तो आहे. कामात असेल, विसरला असेल, पोरं विसरतातच.

उपासना त्यांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली ती त्याच उन्हाळ्यात. मूळची नागपूरची, औषधांच्या कंपनीत संशोधक, तिशीची, एकटी. वडील शंकरराव बँकेतून निवृत्त झालेले, आई कमला शाळेत शिकवायची. दोघं नागपुरातच इंदोऱ्याला राहतात, असं तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. इथल्या मंडळाच्या गणपतीत वगैरे ती फारशी रमत नसे, पण नीलांबरीशी तिचं जमलं. रविवारी दोघी जवळच्या तळ्याभोवती फिरायला जात. सप्टेंबरमध्ये उपासनाला कॉन्फरन्ससाठी झुरिकला जायचं होतं. नीलांबरीने तिलाही पूल, झाडं, छत्र्या आणि सार सांगितलं.

ती परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी चॉकलेटचा डबा घेऊन आली. प्रल्हाद डॉक्टरकडे गेला होता. नीलांबरीने चहा टाकला आणि नेहमीच्या उत्साहाने विचारलं, सार घेतलंस ना?

“नाही ना काकू. नव्हतंच ते मेन्यूवर.”

नीलांबरी म्हणाली, अगं अगदी खाली असतं, बारीक अक्षरात. उपासना म्हणाली, मी वरून खालपर्यंत दोनदा वाचलं. मग वेट्रेसला विचारलं. नीलांबरी म्हणाली, दुसऱ्याच हॉटेलात गेली असशील. उपासनाने फोन काढून दाखवला. निळ्या छत्र्या होत्या, पाणी होतं, टेबलावर तिने मागवलेला तळ्यातला मासा होता. प्रसाद-अनयाने जूनमध्ये घेतलं की, असं नीलांबरी म्हणाली.

“त्यांनी काय घेतलं मला माहीत नाही काकू. ती वेट्रेस म्हणाली, मागच्या वर्षीच काढलं ते. कोणी मागवतच नव्हतं.”

उपासना सरळ माणूस. खोटं बोलून कोणाला बरं वाटू द्यावं, हे तिला जमत नसे, आणि यात कोणाला वाईट वाटण्यासारखं काही आहे, हे तर तिला माहीतच नव्हतं. तिने ऐकलेलं सगळं सांगितलं. एक इंडियन मुलगा होता कुक, अमेरिकेत वाढलेला. फार गुणी, म्हणाली ती बाई. त्यानेच ते ठेवलं होतं. सुरुवातीला रोज ताजं करायचा, कोणी घेतलं नाही की संध्याकाळी स्टाफलाच वाढायचा. इंडियन ग्रुप दिसला की हात पुसत दारात येऊन उभा राहायचा. माझी आई पाठवणार आहे माणसं, असं त्याने सगळ्यांना सांगितलेलं. दोन उन्हाळे वाट बघितली त्याने. ग्रुप यायचे, छत्र्यांसमोर फोटो काढायचे, पाटी वाचायचे आणि जायचे. शेवटी मालकाने ते मेन्यूतून काढलं. नाताळच्या आधी तोही नोकरी सोडून गेला. कुठे ते तिला माहीत नव्हतं.

चहा उतू गेला. उपासनाने उठून गॅस बंद केला आणि वळून पाहिलं तर नीलांबरी ओट्याला धरून उभी होती. बँकेतला म्हणून जो फोटो फ्रीजवर लावला होता, त्याच्याकडे बघत होती. उपासनाने त्या फोटोकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि तिला समजलं. खुर्ची ओढून तिने नीलांबरीला बसवलं आणि प्रल्हाद येईपर्यंत शेजारी बसून राहिली.

नवऱ्याला त्या दिवशी नीलांबरीने काही सांगितलं नाही. आधी तिला राधिकाकडे जायचं होतं. राधिका आणि तिचा नवरा निमिष म्हणजे घरच्यासारखे, पण ते पार्सिपनीत आले ते ईशान गेल्यावर, त्याला त्यांनी फ्रीजवरच्या सुटाबुटातल्या फोटोतच पाहिलं होतं. मागच्या उन्हाळ्यात निमिषचे आईवडील पुण्याहून आले होते तेव्हा चौघं मिळून युरोपला गेले होते. ईशान तेव्हा तिथेच होता. आणि राधिका तर परत आल्यावर सारावर पाच मिनिटं बोलली होती. निदान एक तरी हाक पोचली असेल, एवढीच आशा आता नीलांबरीला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा राधिका घरीच होती. नीलांबरीने दारातच विचारलं, खरं सांग, सार घेतलं होतंस की नाही?

राधिकाने आधी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. मग नीलांबरीचा चेहरा बघून ती सोफ्यावर बसली. नाही घेतलं, म्हणाली. अगं आमची टूर होती ना, पुण्याच्या कंपनीची, त्यांचा महाराजच बरोबर असतो. सासूबाईंना बाहेरचं चालत नाही. बसपाशीच वरण-भात, बटाट्याची भाजी, गुलाबजाम असं भरपेट जेवण झालं आणि मग तळ्यावर फिरायला सोडलं. पोटात जागाच नव्हती. पण तू इतकं आवर्जून सांगितलं होतंस, तुला वाईट वाटलं असतं. म्हणून आपलं म्हटलं, छान होतं.

यात काही विशेष पाप नव्हतं. आपण सगळे असंच करतो. कोणी प्रेमाने एखादी जागा सुचवतं, आपण डब्यातले ठेपले खाऊन तिच्या समोरून जातो, आणि परत आल्यावर सांगतो की अगदी तू म्हणालीस तस्संच होतं. सांगणाऱ्याला बरं वाटतं, आपलीही सुटका होते. नीलांबरीने स्वतःही अशी किती हॉटेलं न खाता वाखाणली होती. त्यामुळे ती राधिकावर चिडलीसुद्धा नाही. उठून जायला निघाली. तेव्हा राधिका म्हणाली, “थांब ना नीलाताई. अजून एक आहे. ते तेव्हाच सांगणार होते, पण मग आत गेलो नाही हेही सांगावं लागलं असतं.”

नीलांबरी उभी राहिली.

आम्ही त्या हॉटेलासमोरच्या बाकावर बसलो होतो, राधिका सांगू लागली. निमिष फोटो काढत होता, मी पाटी वाचत होते. तेवढ्यात आतून एक मुलगा आला, पांढऱ्या एप्रनमधला. आमचं मराठी ऐकलं असणार त्याने. काय गोड हसला. म्हणाला, काकू, आत या ना, सार आहे. सासूबाई म्हणाल्या, आमचं जेवण झालंय बाळा. तर तो आत गेला आणि एका ट्रेमध्ये छोट्या छोट्या वाट्या घेऊन आला. पैसे नकोत, म्हणाला, नुसतं चाखून बघा. मला ना, खरं सांगू, भीती वाटली. फुकट कशाला देईल कोणी? आणि सासूबाईंनी विचारलं, यात मासे शिजवलेल्या भांड्यातलं काही नाही ना. तो नाही म्हणत होता, पण तेवढ्यात गाइडने झेंडा वर केला. आम्ही उठलोच.

राधिकाने आठवून सांगितलं, “त्याने विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलंय का? सासूबाई म्हणाल्या, नाही रे, आम्ही पुण्याचे, टूरबरोबर आलोय. मग तो म्हणाला, ओके, सॉरी. आणि वाट्या घेऊन आत गेला.”

त्या मुलाचं नाव काय होतं, हे विचारायचं राधिकाच्या डोक्यात आलं नव्हतं. नीलांबरीनेही ते तिला सांगितलं नाही. ती घरी आली, पण गाडी कशी चालवली हे तिला आठवत नव्हतं. मागच्या वर्षी राधिकाने पाठवलेला फोटो तिने शोधून काढला, छत्र्या मोठ्या करून बघितल्या, दार मोठं करून बघितलं. निमिषची आई होती, बाक होता, पाण्यावर दोन बदकं होती. ईशान कुठेच नव्हता. त्याने वाट्या आणल्या त्याच्या आधीचा फोटो असणार, किंवा आत नेल्या त्याच्या नंतरचा.

तिला राहून राहून एकच वाटत होतं. एकदा, नुसतं एकदा जरी ती म्हणाली असती की तो माझा मुलगा आहे, तर राधिका भरल्या पोटी जेवली असती. निमिषच्या आईने सोवळंओवळं बाजूला ठेवून वाटी तोंडाला लावली असती. प्रसाद-अनयाने दोन उन्हाळे आधीच जाऊन चार वाट्या मागवल्या असत्या. आपली माणसं वाईट नव्हती. त्यांना नुसतं एक हॉटेल सांगितलं होतं, आणि हॉटेल काय, असतंच. लेक आहे हे सांगायची लाज तिने बाळगली आणि ती लाज पोराच्या वाट्याला गेली.

दुपारी प्रल्हाद जेवायला बसला तेव्हा तिने त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. गाडीतला फोन, सार, पाठवलेली माणसं, उपासना, राधिका, वाट्या. प्रल्हाद घास हातात धरून ऐकत होता. तो ओरडेल, निदान तू माझ्यामागे हे सगळं केलंस असं तरी म्हणेल, असं तिला वाटलं होतं. पण ईशान वाट्या घेऊन आत गेला, हे तिने सांगितलं तेव्हा त्याने घास ताटात खाली ठेवला.

“फुकट वाटत होता?” त्याने विचारलं.

“हो.”

“आणि कोणी घेतलं नाही.”

मग तो ताटाकडे बघत बसला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, नीलांबरीने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, स्टेंट घातले तेव्हाही नाही.

“शपथ सुटली,” तो म्हणाला. “फोन कर त्याला. आत्ता कर.”

तिने तिथेच, ताटं तशीच असताना, फोन लावला. एकदा घंटा वाजल्यासारखी झाली आणि मग एका बाईचा आवाज जर्मनमध्ये काहीतरी सांगू लागला. नीलांबरीला जर्मन येत नाही. पण असे आवाज सगळ्या भाषांमध्ये एकच गोष्ट सांगतात, ती तिला कळली. प्रल्हादने फोन तिच्या हातातून घेऊन स्वतः लावून पाहिला. मग तिने मेसेज केला, ईशान, आई. त्याच्यापुढे एकच खूण उमटली, करडी. दुसरी उमटेना.

पुढचे काही दिवस त्यांनी जे करण्यासारखं होतं ते केलं. उपासनाने त्या हॉटेलला फोन लावून दिला. मालक भला माणूस होता, पण नवा पत्ता त्याच्याकडे नव्हता. कुठल्या तरी दुसऱ्या तळ्याकाठी काम मिळालंय असं ईशान म्हणाला होता, एवढंच त्याला आठवत होतं. स्वित्झर्लंडमध्ये तळी किती आहेत हे प्रल्हादने नकाशावर पाहिलं आणि नकाशा बंद केला. इटलीतही तळी आहेत, ऑस्ट्रियातही आहेत. स्टेट कॉलेजच्या जुन्या मित्रांपैकी कोणाशीही त्याचा संपर्क नव्हता. स्वतः जाऊन शोधावं तर पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा कधीचाच संपलेला, एकदा बाहेर पडलं की परत यायला महिनोन्महिने लागतील आणि तोवर प्रल्हादची नोकरी राहणार नाही, नोकरी नाही तर त्याच्या औषधांचा विमा नाही. तरी प्रल्हाद म्हणाला, जाऊ. कुठे जायचं तेवढं कळू दे.

त्या शनिवारी मंडळाच्या ग्रुपवर नेहमीसारखी सकाळची फुलं आणि सुविचार येऊन गेले. मग कोणा देव नावाच्या नव्या मुलाने लिहिलं की आम्ही पुढच्या महिन्यात हनिमूनला स्वित्झर्लंडला चाललोय, ल्युसर्नमध्ये जेवायला चांगलं कुठे आहे? खाली लगेच दोघातिघांनी लिहिलं, नीलांबरीकाकूंना विचार. राधिकाने मात्र काही लिहिलं नाही.

नीलांबरी खिडकीपाशी बसून होती. तिने लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. प्रल्हाद मागे येऊन उभा राहिला आणि वाचू लागला. तिने लपवलं नाही.

तिने लिहिलं होतं, “देव, ल्युसर्नला मी कधीच गेलेले नाही. तिथल्या एका हॉटेलात माझा मुलगा ईशान कुक होता, म्हणून मी सगळ्यांना तिथे पाठवत होते. आता तो तिथे नाही. कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. कुठल्या तरी तळ्याकाठच्या गावात स्वयंपाक करत असेल. तेव्हा तुम्ही कुठेही जेवा, पण आत जाऊन बसून जेवा. आणि कोणी मराठी बोलणाऱ्या मुलाने बाहेर येऊन काही चाखायला दिलं, तर माझ्यासाठी तेवढं घ्या. त्याला सांगा, आईने पाठवलंय.”

प्रल्हादने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि परत पहिल्यापासून वाचलं. एवढ्या लोकांसमोर बँक नाही, झुरिक नाही, काही नाही, हे त्याने पाहिलं असणारच. तो शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “इथे ‘बाबांनी पण’ लिही.”

तिने ते लिहिलं आणि मेसेज पाठवला. नंतर एकेकाचे फोन यायला लागले, पहिला राधिकाचा होता आणि ती नुसती रडत होती. नीलांबरीने तो स्पीकरवर ठेवला आणि सारासाठी टोमॅटो उकडायला लावले. प्रल्हादने न सांगता फडताळातून तीन वाट्या काढून ठेवल्या.